स्ट्रायकरसाठी प्लगिन लिहिताना: रिपोर्टरपासून टेस्ट रनरपर्यंत

जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टमधल्या प्रकल्पात म्युटेशन टेस्टिंग करायचे ठरले की बहुतेक जण स्ट्रायकर-जेएसकडे वळतात. स्ट्रायकर आपल्या कोडमध्ये लहान लहान बदल करतो: अधिकच्या जागी वजा टाकतो, अट कायमची खरी किंवा कायमची खोटी करतो, फंक्शनचे पोट रिकामे करतो. अशा प्रत्येक बदलाला म्युटंट म्हणतात. बदल केल्यावर टेस्ट्स चालवून एखादी टेस्ट पडली तर म्युटंट मेला, आणि सगळ्या टेस्ट्स पास झाल्या तर म्युटंट वाचला, म्हणजे टेस्ट्समध्ये कुठे तरी फट आहे. जेस्ट, मोका, कर्मा, जास्मिन, कुकुंबर, व्हीटेस्ट आणि टॅप या टेस्ट्स चालवणाऱ्या साधनांसाठी तयार प्लगिन, म्हणजे स्ट्रायकरला जोडायचे पूरक भाग, उपलब्ध असल्यामुळे अनेकांना स्वतःचे प्लगिन लिहिण्याची वेळच येत नाही. ती वेळ येते तेव्हा कारण ठोस असते: टेस्ट्स चालवण्याची पद्धत घरगुती असते, निकाल एखाद्या ठरावीक स्वरूपात हवा असतो, किंवा कोडमधला काही भाग म्युटेशनमधून सतत वगळावा लागत असतो.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. प्लगिन चुकले तर स्ट्रायकर बहुधा थांबत नाही. प्लगिनने दिलेले उत्तर खरे मानून तो पुढे जातो आणि शेवटी एक आकडा छापतो. म्युटेशन स्कोअर काढताना मेलेले आणि टाइमआउट झालेले म्युटंट वर धरले जातात, तर खाली हे दोन्ही, शिवाय वाचलेले आणि एकाही टेस्टने न स्पर्शलेले म्युटंट येतात. कंपाइल न झालेले, रनटाइम एररमध्ये अडकलेले आणि दुर्लक्षित ठरवलेले म्युटंट हिशोबातूनच बाहेर पडतात. समजा २०० म्युटंट आहेत, त्यांपैकी १४० मेले आणि ६० वाचले, तर स्कोअर ७० टक्के होतो. आता एखाद्या प्लगिनने त्या ६० पैकी ४० म्युटंटना चुकून ‘कंपाइल होत नाही’ असा शेरा दिला, तर हिशोब १६० पैकी १४० असा होऊन स्कोअर थेट ८७.५ टक्क्यांवर जातो. टेस्ट्स होत्या तशाच राहिल्या, आणि आकड्याने मात्र उडी मारली. वाढलेल्या आकड्याची चौकशी कोणी करत नाही, म्हणून अशी चूक महिनोन्महिने दडून राहू शकते. पुढे जे काही सांगितले आहे त्यात ही धास्ती सतत डोक्यात आहे, आणि ती असावी असेच माझे मत आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक खुलासा करतो. फंक्शन आणि पर्यायांची नावे इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, शब्द एकमेकांना जोडून आणि दुसऱ्या शब्दापासून प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे ठेवून लिहायची असतात.

स्ट्रायकर आतून कसा चालतो याची थोडी कल्पना असल्याशिवाय प्लगिन नीट लिहिता येत नाही. २०२० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याने प्रत्येक म्युटंटसाठी वेगळी फाइल तयार करणे सोडून दिले. आता बेबल या जावास्क्रिप्ट कंपायलरच्या मदतीने कोड वाचला जातो आणि सगळे म्युटंट एकाच फाइलमध्ये एकदमच पेरले जातात. ‘अ + ब’ अशी पदावली असेल तर तिच्या जागी एक प्रश्नचिन्ही अट येते: अमुक क्रमांकाचा म्युटंट चालू असेल तर ‘अ - ब’, नसेल तर आधी ‘या जागी कोणी तरी येऊन गेले’ अशी कव्हरेजची नोंद आणि मग मूळचे ‘अ + ब’. कोणता म्युटंट चालू आहे हे एका ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये ठेवलेले असते. त्या ऑब्जेक्टचे नाव ‘स्ट्रायकर’ असून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोन अंडरस्कोर आहेत. ही पेरलेली प्रत ‘स्ट्रायकर-टेंप’ नावाच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि टेस्ट्स तिथेच चालतात. चौथ्या आवृत्तीच्या आधीचे मार्गदर्शन वाचनात आले तर त्यात म्युटेटर, ट्रान्सपायलर, टेस्ट फ्रेमवर्क अशी प्लगिनची प्रकारनावे दिसतील. हे प्रकार आता अस्तित्वात नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागे लागू नये.

आजच्या घडीला लिहिण्याजोगे चार प्रकार आहेत: रिपोर्टर (निकाल मांडणारा), इग्नोरर (कोडचा काही भाग वगळणारा), चेकर (म्युटंट वैध आहे का पाहणारा) आणि टेस्ट रनर (टेस्ट्स चालवणारा). पहिले दोन स्ट्रायकरच्या मुख्य प्रोसेसमध्ये चालतात. चेकर आणि टेस्ट रनर यांच्यासाठी मात्र वेगळ्या चाइल्ड प्रोसेस उघडल्या जातात आणि मुख्य प्रोसेसशी त्यांचे बोलणे संदेशांतून होते. त्यामुळे या दोन प्रकारांनी परत दिलेला निकाल साध्या मजकुरात बदलता येईल असाच असला पाहिजे. त्यात फंक्शन किंवा स्वतःकडेच निर्देश करणारा ऑब्जेक्ट ठेवून चालत नाही.

सांगाडा चौघांचाही सारखाच असतो. ‘ॲट-स्ट्रायकर-म्युटेटर’ या स्कोपमधले एपीआय नावाचे पॅकेज बसवावे. त्याच्या ‘प्लगिन’ या उपविभागातून ‘डिक्लेअर क्लास प्लगिन’, ‘डिक्लेअर फॅक्टरी प्लगिन’ आणि ‘डिक्लेअर व्हॅल्यू प्लगिन’ अशी तीन फंक्शने मिळतात. तिघांनाही आधी प्लगिनचा प्रकार, मग त्याचे नाव आणि शेवटी प्रत्यक्ष क्लास, फॅक्टरी फंक्शन किंवा तयार ऑब्जेक्ट द्यायचा असतो. त्यातून जे मिळेल ते ‘स्ट्रायकर प्लगिन्स’ या नावाच्या ॲरेमध्ये ठेवून तो ॲरे मॉड्यूलमधून एक्स्पोर्ट करावा. ॲरेच्या नावात एका अक्षराची चूक झाली तरी स्ट्रायकरला त्या मॉड्यूलमध्ये प्लगिन सापडत नाही. ज्याला बाहेरून काहीच लागत नाही त्याच्यासाठी व्हॅल्यू पुरेसा आहे, लॉगर किंवा पर्याय हवे असतील तर क्लास घ्यावा, आणि स्वतःची वेगळी अवलंबने इंजेक्टरमध्ये, म्हणजे प्लगिनला लागणाऱ्या गोष्टी पुरवणाऱ्या यंत्रणेत, भरायची असतील तरच फॅक्टरीकडे जावे.

क्लास घेतला की डिपेंडन्सी इंजेक्शनचा, म्हणजे क्लासला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून पुरवण्याचा, संबंध येतो. स्ट्रायकर त्यासाठी ‘टाइप्ड इंजेक्ट’ हे पॅकेज वापरतो. क्लासवर ‘इंजेक्ट’ नावाचा स्टॅटिक गुणधर्म ठेवायचा आणि त्यात ‘कॉमन टोकन्स’मधली हवी ती टोकन, म्हणजे हव्या असलेल्या गोष्टींची नावे, लिहायची, उदाहरणार्थ ‘लॉगर’ आणि ‘ऑप्शन्स’. टोकनांचा क्रम आणि कन्स्ट्रक्टरमधल्या पॅरामीटरांचा क्रम तंतोतंत एक असला पाहिजे. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘टोकन्स’ हे मदतनीस फंक्शन वापरले तर क्रमातली चूक कंपाइल करतानाच पकडली जाते. साध्या जावास्क्रिप्टमध्ये असे काही कुंपण नसल्यामुळे लॉगरच्या जागी पर्यायांचा ऑब्जेक्ट येऊन बसतो आणि पहिल्या लॉगला गाडी अडते. निव्वळ एवढ्या कारणासाठीसुद्धा प्लगिन टाइपस्क्रिप्टमध्ये लिहावे अशी माझी शिफारस आहे.

कॉन्फिग फाइलमध्ये प्लगिनची ओळख करून देताना एक ठेच ठरलेली असते. ‘प्लगिन्स’ या पर्यायाचे मूळ मूल्य ‘ॲट-स्ट्रायकर-म्युटेटर’ स्कोपमधली सगळी पॅकेजे उचलणारे तारांकित नाव असे आहे. आपण तिथे फक्त आपल्या फाइलचा मार्ग लिहिला तर ते मूळ मूल्य पुसले जाते आणि कालपर्यंत चालणारा जेस्टचा रनर सापडेनासा होतो. म्हणून तारांकित नाव आणि आपला मार्ग दोन्ही लिहावेत, किंवा ‘अपेंड प्लगिन्स’ हा पर्याय वापरावा. नुसते लोड होणेही पुरेसे नसते. रिपोर्टरचे नाव ‘रिपोर्टर्स’मध्ये, इग्नोररचे ‘इग्नोरर्स’मध्ये, चेकरचे ‘चेकर्स’मध्ये आणि रनरचे ‘टेस्ट रनर’ या पर्यायात लिहिल्याशिवाय ते कामाला लागत नाहीत.

आता एकेक प्रकार घेऊ. सुरुवात रिपोर्टरपासून करावी, कारण त्याच्याकडून स्कोअरला धक्का लागत नाही आणि घटनांचा क्रम हाताखालून जातो. रिपोर्टरच्या सगळ्या मेथड ऐच्छिक आहेत. ‘ऑन ड्राय रन कम्प्लीटेड’ पहिली तपासणी फेरी संपल्यावर येते, ‘ऑन म्युटेशन टेस्टिंग प्लॅन रेडी’ कोणते म्युटंट चालवायचे हे ठरल्यावर, ‘ऑन म्युटंट टेस्टेड’ प्रत्येक म्युटंटचा निकाल लागल्यावर आणि ‘ऑन म्युटेशन टेस्ट रिपोर्ट रेडी’ सगळे संपल्यावर, संपूर्ण अहवाल आणि मोजमापे घेऊन. पहिला रिपोर्टर म्हणून वाचलेल्या आणि अस्पर्शित म्युटंटची फाइलवार यादी लिहिणारा रिपोर्टर करून पाहावा. शेवटच्या घटनेत मिळालेल्या अहवालातल्या प्रत्येक फाइलच्या म्युटंटमधून या दोन स्थितींचे म्युटंट गाळून घ्यायचे, आणि ओळ क्रमांक, म्युटेटरचे (म्हणजे बदलाच्या प्रकाराचे) नाव व बदललेला मजकूर छापायचा. हे वीस-पंचवीस ओळींचे काम आहे.

त्यात एकच जागा सांभाळायची असते. फाइल लिहिणे असिंक्रोनस असते, आणि या घटनांच्या मेथडने परत दिलेल्या प्रॉमिससाठी कोणी खोळंबत नाही. थांबण्याची जागा ‘रॅप अप’ ही मेथड आहे. म्हणून लिहिण्याचे प्रॉमिस क्लासच्या एका गुणधर्मात जपून ठेवावे आणि ‘रॅप अप’मधून तेच परत द्यावे. हे विसरले तर लहान प्रकल्पात सगळे सुरळीत दिसते आणि मोठ्या प्रकल्पात अहवाल मध्येच तुटलेला सापडतो. रिपोर्टरमध्ये एरर आली तरी स्ट्रायकर ती पकडतो, लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि काम चालू ठेवतो. तेव्हा अहवाल दिसत नसेल तर आधी लॉग वाचावा.

इग्नोरर आकाराने सगळ्यांत लहान आहे, आणि मला सगळ्यांत मोठा धडा त्यानेच शिकवला. त्यात ‘शुड इग्नोर’ ही एकच मेथड असते. बेबल कोडचे तुकडे करून त्यांचा वाक्यवृक्ष रचतो, आणि तिला त्यातला एक नोड, म्हणजे कोडचा एक तुकडा, मिळतो. हा भाग वगळायचा असेल तर कारण सांगणारे वाक्य परत द्यायचे, नसेल तर काहीच परत द्यायचे नाही. ते वाक्य पुढे अहवालात म्युटंटच्या शेजारी दिसते, त्यामुळे तिथे ‘वगळले’ एवढेच न लिहिता का वगळले हे लिहावे.

मी पहिला इग्नोरर लॉगिंगच्या ओळी वगळण्यासाठी लिहिला. प्रकल्पात लॉगचे दोन-तीन वेगवेगळे ऑब्जेक्ट होते, म्हणून मी ऑब्जेक्ट न तपासता फक्त मेथडचे नाव ‘लॉग’ आहे का एवढेच पाहिले. स्कोअर थोडा वाढला आणि तो अपेक्षितच होता, कारण लॉगच्या मजकुरात बदल केलेले म्युटंट एरवी कोणतीच टेस्ट मारत नसे. बऱ्याच दिवसांनी एचटीएमएल अहवाल सहज चाळताना चक्रवाढीचा हिशोब करणाऱ्या फाइलमध्ये एक दुर्लक्षित म्युटंट दिसला. ओळ होती ‘मॅथ.लॉग’ची आणि तिच्या कंसात ‘१ + दर’ होते. माझ्या इग्नोररच्या लेखी तोही एक लॉगच होता. इग्नोररने एका नोडला नकार दिला की त्या नोडच्या पोटातले सगळे म्युटंट दुर्लक्षित होतात आणि आतल्या नोडसाठी त्याला पुन्हा विचारलेही जात नाही. त्यामुळे ‘१ - दर’ हा अगदी खरा, धोक्याचा बदल त्या काळात एकदाही तपासला गेला नव्हता. त्या बदलाला मारणारी टेस्ट प्रकल्पात नव्हती हे त्यानंतर कळले.

त्या दिवसापासून मी इग्नोररमध्ये तीन अटी एकत्र तपासतो. नोड हे स्वतंत्र विधान आहे का, म्हणजे त्याचे उत्तर कोणी वापरत नाही ना. त्या विधानात फंक्शनची हाक आहे का. आणि हाक मारलेला ऑब्जेक्ट व मेथड दोन्हींची नावे मी ठरवलेल्या जोडीत बसतात का. ‘मॅथ.लॉग’ बहुधा परत देण्याच्या ओळीत किंवा मोठ्या पदावलीत असतो, त्यामुळे पहिल्याच अटीला तो सुटतो. शिवाय इग्नोरर बसवण्याआधीचा आणि नंतरचा जेसन अहवाल समोरासमोर ठेवून नव्याने दुर्लक्षित झालेला प्रत्येक म्युटंट डोळ्यांखालून घालावा. संख्या शेकड्यांत असली तरी हे काम टाळू नये. तासाभरात होते आणि एकदाच करावे लागते.

चेकरचे काम म्युटंटवर टेस्ट चालवण्यापूर्वी तो वैध आहे का हे पाहण्याचे. टाइपस्क्रिप्टचा तयार चेकर बहुतेकांना पुरतो. स्वतःचा चेकर लिहायची गरज सहसा तेव्हा पडते, जेव्हा प्रकल्पात टाइपांखेरीज दुसरी एखादी कडक तपासणी असते आणि ती ओलांडणारा कोड कधीच मुख्य शाखेत जाऊ शकत नाही. ‘इनिट’मध्ये मूळ कोड स्वच्छ असल्याची खात्री करावी. ‘चेक’ला म्युटंटचा ॲरे मिळतो आणि प्रत्येक म्युटंटच्या आयडीसमोर ‘पास्ड’ किंवा ‘कंपाइल एरर’ असा निकाल द्यायचा असतो. दुसऱ्या निकालासोबत कारणही द्यावे लागते. एकत्र तपासता येण्याजोगे म्युटंट गटाने हवे असतील तर ‘ग्रुप’ ही ऐच्छिक मेथड लिहावी. म्युटंटमध्ये फाइलचे नाव, जागा आणि बदली मजकूर असतो. इथे ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजलेले असतात, तर अंतिम अहवालात ते एकापासून मोजलेले असतात. हा फरक नजरेतून सुटला तर बदल एक ओळ वर पेरला जातो, कोड जवळपास नेहमीच मोडतो, चेकर इमानेइतबारे ‘कंपाइल एरर’ सांगतो आणि वर दिलेल्या ८७.५ टक्क्यांच्या उदाहरणासारखी अवस्था होते. चेकर लिहिल्यावर नाकारलेल्या म्युटंटचे प्रमाण अचानक मोठे दिसले तर आनंद मानण्याआधी पाच-दहा म्युटंट हाताने कोडमध्ये लिहून पाहावेत.

टेस्ट रनर हा खरा कसोटीचा भाग आहे. तत्पूर्वी खरोखर रनर लिहायची गरज आहे का हे तपासावे. स्ट्रायकरमध्ये ‘कमांड’ नावाचा रनर अंगभूत आहे. तो कोणतीही आज्ञा चालवतो आणि ती अपयशी ठरली तर म्युटंट मेला असे मानतो. त्याला कोणती टेस्ट कोणत्या म्युटंटला स्पर्श करते हे कळत नाही, म्हणून प्रत्येक म्युटंटसाठी साऱ्या टेस्ट्स चालवाव्या लागतात. टेस्ट्स काही सेकंदांत संपत असतील तर हे पुरेसे आहे. त्या मिनिटभर चालत असतील आणि म्युटंट हजारभर असतील, तर स्वतःच्या रनरचे कष्ट सार्थकी लागतात.

रनरला पाच मेथड असतात: ‘कॅपेबिलिटीज’, ‘इनिट’, ‘ड्राय रन’, ‘म्युटंट रन’ आणि ‘डिस्पोज’. ‘इनिट’ आणि ‘डिस्पोज’ ऐच्छिक आहेत. ‘ड्राय रन’मध्ये कोणताही म्युटंट चालू न करता सगळ्या टेस्ट्स एकदा चालवायच्या आणि प्रत्येक टेस्टचा आयडी, नाव, स्थिती व मिलिसेकंदांतला वेळ परत द्यायचा. या फेरीत एक जरी टेस्ट पडली तरी स्ट्रायकर पुढे जात नाही, आणि ते योग्यच आहे. इथला वेळ अंदाजे लिहू नये. म्युटंटला किती वेळ द्यायचा हे त्यावरून ठरते: टेस्टच्या निव्वळ वेळेला मूळ सेटिंगनुसार १.५ ने गुणून त्यात ५,००० मिलिसेकंद आणि फेरीचा वरखर्च मिळवला जातो. सगळ्या वेळा शून्य दिल्या तर १.५ पटीची सवलत मिळत नाही आणि सावकाश चालणाऱ्या टेस्ट्स विनाकारण टाइमआउट होऊ शकतात, आणि टाइमआउट झालेला म्युटंट स्कोअरमध्ये पकडला गेला असाच मोजला जातो.

टेस्टचा आयडी ही रनरमधली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. ‘म्युटंट रन’ला ‘टेस्ट फिल्टर’ मिळतो. त्यात फक्त त्या म्युटंटला स्पर्श करणाऱ्या टेस्ट्सचे आयडी असतात, आणि हे आयडी आपणच ‘ड्राय रन’मध्ये दिलेले असतात. आयडी म्हणून टेस्टचा अनुक्रमांक दिला, तर पहिल्या फेरीत चाळिसावी असलेली टेस्ट गाळणी लागल्यावर दुसरी होते, आणि मग रनर भलतीच टेस्ट चालवतो किंवा एकही चालवत नाही. एकही टेस्ट न चालता फेरी पास झाली की म्युटंट वाचला अशी नोंद होते. आयडी फाइलचा मार्ग आणि टेस्टचे पूर्ण नाव यांना जोडून करावा. एकाच फाइलमध्ये एकाच नावाच्या दोन टेस्ट्स असतील तर रनरने ‘इनिट’मध्ये किंवा ‘ड्राय रन’मध्ये स्पष्ट इशारा द्यावा. गुपचूप शेपूट जोडून वेळ मारून नेण्यापेक्षा ते बरे.

कव्हरेजसाठी ‘ड्राय रन’ला ‘कव्हरेज ॲनालिसिस’ हा पर्याय मिळतो. त्याचे मूल्य ‘पर टेस्ट’ असेल तर प्रत्येक टेस्ट सुरू होण्याआधी ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये ‘करंट टेस्ट आयडी’ लिहावा आणि टेस्ट संपली की तो पुसावा. पेरलेला कोड त्या आयडीखाली आपल्या नोंदी आपोआप करतो. फेरीच्या शेवटी तिथला ‘म्युटंट कव्हरेज’ उचलून निकालासोबत परत द्यायचा. टेस्ट चालू नसताना, म्हणजे फाइल लोड होतानाच, चालून गेलेला कोड ‘स्टॅटिक’ या खात्यात जमा होतो. टेस्ट संपल्यावर आयडी पुसायला विसरलो तर दोन टेस्ट्सच्या मधल्या तयारीचा कोड आधीच्या टेस्टच्या नावावर चढतो. टेस्ट्स एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी समांतर चालत असतील तर ही रचना मुळातच कोसळते, कारण चालू आयडी एकच असतो. अशा वेळी रनरने समांतर चालवणे बंद करावे.

‘म्युटंट रन’मध्ये चालू म्युटंटचा आयडी ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये कधी लिहायचा याचा नियम ‘म्युटंट ॲक्टिव्हेशन’ या पर्यायात असतो. तो ‘स्टॅटिक’ असेल तर फाइल लोड करण्यापूर्वी लिहावा, ‘रनटाइम’ असेल तर फाइल लोड झाल्यावर, टेस्ट्स सुरू होण्याच्या क्षणी. फाइलच्या वरच्या पातळीवरचे स्थिरांक एकदाच तयार होत असल्याने पहिल्या प्रकारात उशिरा लिहिलेला आयडी निष्फळ ठरतो. यालाच जोडून ‘कॅपेबिलिटीज’मधला ‘रीलोड एन्व्हायर्नमेंट’ हा प्रश्न येतो: प्रोसेस तीच ठेवून रनर सगळ्या फाइल नव्याने लोड करू शकतो का? नोड-जेएसमध्ये ईएस मॉड्यूल एकदा इंपोर्ट झाले की काढून टाकता येत नाही, आणि म्हणूनच मोकाचा रनर इथे प्रांजळपणे ‘नाही’ सांगतो. नाही म्हटले तर स्ट्रायकर गरजेच्या वेळी जुनी प्रोसेस बंद करून नवी उघडतो. त्यात थोडा वेळ जातो, पण निकाल खरा येतो. खात्री नसेल तर ‘नाही’ हेच उत्तर द्यावे.

निकालाचे भाषांतर स्वतः करू नये. एपीआय पॅकेजमध्ये ‘टू म्युटंट रन रिझल्ट’ हे फंक्शन आहे. ते ड्राय रनच्या आकाराचा निकाल घेऊन म्युटंट मेला, वाचला, टाइमआउट झाला की एरर आली हे ठरवते. स्वतः लिहिणाऱ्याची नेहमीची चूक अशी की रनर सुरूच होऊ शकला नाही, एखादी सेटिंग सापडली नाही, तरी सगळे एकाच ‘कॅच’मध्ये पकडून ‘मेला’ म्हणून टाकले जाते. टेस्ट पडणे वेगळे आणि टेस्ट चालवणारे यंत्र पडणे वेगळे. दुसऱ्या प्रसंगी ‘एरर’ हीच स्थिती द्यावी.

अनंत लूपसाठीही रनरला थोडे काम करावे लागते. ‘आय++’चे ‘आय--’ झाले की लूप थांबत नाही, आणि सिंक्रोनस लूपमध्ये अडकलेली प्रोसेस कोणत्याही संदेशाला उत्तर देत नाही. प्रत्येक वेळी प्रोसेस मारून नवी उघडणे महाग असल्यामुळे स्ट्रायकर ‘हिट लिमिट’ देतो. पहिल्या फेरीत त्या जागेला जितक्या वेळा स्पर्श झाला त्याच्या १०० पट ही मर्यादा असते. रनरने ती ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये लिहावी, ‘हिट काउंट’ शून्यावर आणावा आणि फेरी संपल्यावर ‘डिटर्मिन हिट लिमिट रीच्ड’ या फंक्शनला विचारावे. मर्यादा ओलांडली असेल तर तेच फंक्शन टाइमआउटचा निकाल देते.

रनर लिहून झाला की तो बरोबर आहे हे कसे ठरवायचे? माझ्याजवळ यासाठी एक लहानसा नमुना प्रकल्प आहे आणि त्याच्या प्रत्येक म्युटंटची अपेक्षित स्थिती मी हाताने लिहून ठेवली आहे. त्यातले पहिले फंक्शन ‘आकडा <= कमाल’ एवढेच परत देते. त्याचे पाच म्युटंट होतात: पोट रिकामे, कायम खरे, कायम खोटे, ‘<’ आणि ‘>’. टेस्ट्स दोनच आहेत. एक आकडा कमालपेक्षा लहान देऊन नेमके ‘खरे’ मागते, दुसरी मोठा देऊन नेमके ‘खोटे’ मागते. आकडा आणि कमाल सारखे असतानाची टेस्ट मुद्दाम लिहिलेली नाही. त्यामुळे चार म्युटंट मेले पाहिजेत आणि ‘<’चा म्युटंट वाचलाच पाहिजे. दुसऱ्या फंक्शनला टेस्ट हाक मारते पण काहीच पडताळत नाही, तिसऱ्याला एकही टेस्ट नाही, चौथ्यात लूप आहे आणि पाचवे वरच्या पातळीवरच्या स्थिरांकावर चालते. रनरने पहिल्या फंक्शनचे पाचही म्युटंट मारले असे सांगितले तर तो रनर चुकीचा आहे, मग त्याचा स्कोअर कितीही सुंदर दिसो. तपासताना जेसन अहवालातले म्युटंट आयडीने जुळवू नयेत, कारण कोड बदलला की आयडी सरकतात. फाइल, जागा, म्युटेटरचे नाव आणि बदली मजकूर यांवरून जुळवावेत.

दोष शोधताना ‘कन्करन्सी’ एकवर आणावी, ‘टेस्ट रनर नोड आर्ग्स’मधून नोड-जेएसला डीबगरसाठी थांबण्याची आज्ञा द्यावी आणि ‘फाइल लॉग लेव्हल’ ‘ट्रेस’वर ठेवावी, म्हणजे ‘स्ट्रायकर.लॉग’ फाइलमध्ये तपशील उतरतो. ‘क्लीन टेंप डिर’ बंद केले तर पेरलेला कोड सँडबॉक्समध्ये, म्हणजे त्या ‘स्ट्रायकर-टेंप’ फोल्डरमध्ये, प्रत्यक्ष वाचता येतो. चाइल्ड प्रोसेसमध्ये ‘कन्सोल’ने छापलेले दिसेलच असे नाही, तेव्हा इंजेक्ट केलेला लॉगरच वापरावा.

प्लगिनला स्वतःचे पर्याय हवे असतील तर त्यांच्यासाठी जेसन स्कीमा लिहून तो ‘स्ट्रायकर व्हॅलिडेशन स्कीमा’ या नावाने एक्स्पोर्ट करावा. असे केले की चुकीच्या मूल्याला स्ट्रायकर सुरुवातीलाच अडवतो आणि आपला पर्याय अनोळखी असल्याची सूचनाही येत नाही. सगळे पर्याय प्लगिनच्या नावाच्या एकाच गटात ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या प्लगिनशी गल्लत होत नाही. पॅकेज प्रकाशित करताना एपीआय पॅकेज नेहमीच्या डिपेंडन्सीमध्ये आणि कोअर पॅकेज पिअर डिपेंडन्सीमध्ये ठेवावे, आणि कोअरची मुख्य आवृत्ती बदलली की पिअर डिपेंडन्सीतला आकडा वाढवण्यापूर्वी नमुना प्रकल्प नव्या आवृत्तीवर चालवून प्रत्येक म्युटंटची स्थिती लिहून ठेवलेल्या यादीशी पुन्हा ताडून पाहावी.